कर्क राशीचा कप्तान

ठाण्याच्या तलावपाळीला गेल्या रविवारी संध्याकाळी माझ्या भाच्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळ-मालिकांमधल्या कप्तानांचा निकाल लावला. प्रत्येक मालिकेचा कप्तान वेगळा; कर्क सगळ्यात पहिल्या मालिकेतला, बाकीचे नंतरचे. मोबाइलवर रीतसर तक्ता होता. युद्धकौशल्य, बुद्धी, मुत्सद्देगिरी, वेळ पडल्यास नियम मोडायची तयारी आणि हाताखालच्या माणसांशी वागणूक असे पाच रकाने, प्रत्येकी दहा गुण. पिकार्डला ४४, सिस्कोला ४१, जेनवेला ३९, कर्कला ३८ आणि आर्चरला, बिचाऱ्याला, ३१. "म्हणजे मोस्ट लेजंडरी पिकार्ड. विषय संपला," असं म्हणून भाचा भेळवाल्याकडे वळला. मी शेजारीच बसून ऐकत होते. मला वाटलं, विषयाला अजून कुणाचा हातही लागलेला नाही.

या पोरांनी मोजला तो चांगला कप्तान, आणि उत्तरावर चिठ्ठी चिकटवली दंतकथेची. या दोन गोष्टी एकत्र कालवल्या की वाद कितीही रंगला तरी कुठे पोचत नाही. हेच पाच रकाने घेऊन जरा आपल्या इतिहासात जाऊ. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा किल्ला शायिस्ताखानाच्या अफाट फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजवला. किल्ला भुईकोट, माणसं मोजकी, बाहेरून मदत येण्याची आशा नाही. तानाजी मालुसऱ्यांचा कोंढाणा एका रात्रीचा, फेब्रुवारी १६७०चा. चिकाटी, नियोजन, शिबंदीचं मनोधैर्य यांचे गुण द्यायला बसलात तर फिरंगोजी मागे राहणार नाही, कदाचित एखादा गुण पुढेच जाईल. पण दिवाळीत जांभळी नाक्यावरून मातीचे मावळे आणून मुलं किल्ला करतात, तेव्हा कड्याला सुतळीवर लटकवलेला मावळा कोण असतो? त्याचं नाव कुणी विचारत नाही. फिरंगोजीचा मावळा कुठे ठेवायचा, हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही. किल्ला धरून बसलेला माणूस मातीत दाखवायचा कसा?

माझं मत आधीच सांगून टाकते. सगळ्यात चांगला कप्तान पिकार्ड, याबद्दल माझं पोरांशी भांडण नाही. दंतकथा मात्र कर्क, आणि ती तो झाला कारण तो आपल्या मालिकेच्या हातून निसटला. मालिकेचा एकही भाग न पाहिलेल्या माणसालाही कर्क करून दाखवता येतो, दुसऱ्याला सांगता येतो आणि चुकीचा आठवता येतो. यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्याकडे येतेच.

ऐंशीच्या दशकात नौपाड्यातल्या आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, पहिल्या मजल्यावर, लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं तेव्हा ओल्या केसांनी आम्ही आठ-दहा पोरं त्या खोलीत फरशीवर बसायचो. इंग्रजी कुणालाच कळायचं नाही. टीव्हीवाल्या काकूंना वाटायचं की कप्तानाचं नाव राशीवरून ठेवलंय, म्हणून त्या जिन्यातून ओरडायच्या, "या रे, तुमचा तो कर्क राशीचा आला." कप्तानाचे दोन साथीदार, त्यातला स्पॉक म्हणजे कानवाला, मकॉय म्हणजे डॉक्टर. रंग दिसत नसल्यामुळे लाल सदऱ्याचा शिपाई कप्तानाबरोबर खाली उतरला की तो मरणारच, हा जगभरच्या प्रेक्षकांना पाठ असलेला संकेत आम्हाला माहीतच नव्हता. आम्हाला प्रत्येक मरणाचा धक्का बसायचा. आणि भाग संपला की जिन्यात खेळ सुरू. तिसरी पायरी ही कप्तानाची खुर्ची. जहाजाला तडाखा बसला की सगळ्यांनी एकदम डावीकडे कलायचं, मग उजवीकडे. कर्कने पुढे वाकायचं, गुडघ्यावर कोपर टेकायचं, कानवाल्याकडे बघायचं, मग डॉक्टरकडे बघायचं, मग समोरच्या पोपडे उडालेल्या भिंतीकडे बघून हात करायचा. संवाद एकही नाही. असलाच तर 'ठॉं' आणि 'ढिश्क्यांव'.

म्हणून मी भाच्याला एक साधी परीक्षा सुचवली. एक भाग कर्कचा आणि एक पिकार्डचा, दोन्ही आवाज बंद करून बघ. कर्कचा निर्णय आवाजाशिवाय दिसतो. तो तीन चेहऱ्यांवर घडतो. एका बाजूला स्पॉक हिशेब मांडतोय, दुसऱ्या बाजूला मकॉय माणसाची बाजू घेऊन तणतणतोय, आणि मध्ये खुर्चीत बसलेल्याला दोघांचंही पटतंय. प्रत्येक मराठी घरात ही बैठक झालेली आहे. आजोबांचं ऑपरेशन करायचं की नाही, गावचा जमिनीचा तुकडा काढायचा की ठेवायचा? एक काका कागद-पेन्सिल घेऊन बसतात, एक आत्या "अरे पण त्यांच्या मनाचं काय" म्हणत राहते, आणि ज्याला ठरवायचं असतं तो दोघांच्या मध्ये चहा गार करत बसतो. त्या बैठकीला भाषांतर लागत नाही. १९६७च्या एका भागात भूतकाळात अडकलेला कर्क तिथे प्रेमात पडतो, आणि रस्ता ओलांडणाऱ्या त्या प्रेयसीला वाचवायला धावणाऱ्या मकॉयला घट्ट धरून ठेवतो, कारण ती वाचली तर पुढचा सगळा इतिहास फिरणार असतो. आवाज नको, कथानक नको. एक माणूस दुसऱ्याला मिठीत आवळून डोळे मिटतो, एवढंच बघा. आता पिकार्ड लावा. लांब टेबल, भोवती अधिकारी, प्रत्येक जण पाळीपाळीने बोलतोय, शेवटी टक्कल असलेला गृहस्थ मान हलवतो. आवाज बंद केला तर ती मीटिंग आहे. ठाण्याहून सकाळची फास्ट पकडून रोज मीटिंगलाच जाणाऱ्या माणसाला ती दाखवून काय सांगणार?

इथे भाच्याने मला बरोबर पकडलं. "मावशी, हा मूकपटाचा निकष झाला. जो जास्त हातवारे करेल तो जिंकणार. मग चॅप्लिनलाच कप्तान कर." आक्षेप जोरदार आहे, आणि पिकार्डची बाजू त्याहून जोरदार. पिकार्डचं सगळं मोठेपण शब्दांत आहे. त्याचं काम करणारा पॅट्रिक स्टुअर्ट हा रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या रंगमंचावरून आलेला नट. त्याने उच्चारलेल्या वाक्याला वजन असतं. १९८९च्या एका भागात डेटा नावाचा यंत्रमानव हा सरकारी माल आहे की स्वतःचा मालक आहे, यावर खटला उभा राहतो, आणि पिकार्ड त्याची वकिली करताना प्रश्न डेटापाशी ठेवतच नाही. असे हजारो डेटा घडवून राबवणार असाल तर त्याला गुलामगिरी म्हणायचं की नाही, असं तो न्यायाधीशाच्या खुर्चीला विचारतो. आज यंत्रांच्या बुद्धीवर जी चर्चा चालू आहे तिच्यातला बराच भाग त्या एका खटल्यात तेव्हाच येऊन गेला. १९९२च्या भागात तो जहाजावर अर्ध्या तासाच्या आत एका मेलेल्या ग्रहावरच्या माणसाचं अख्खं आयुष्य जगतो, बायको, मुलं, नातवंडं, म्हातारपण. शुद्धीवर येतो तेव्हा हाती उरते ती एक बासरी. बासरीला आवाज लागतो. कर्कच्या ७९ भागांत या उंचीला पोचणारे भाग हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे असतील, हे मी कबूल करते.

पण मग उंची आणि दंतकथा यांचं नातं काय? आम्ही बसलो होतो तिथून समोर गडकरी रंगायतन दिसत होतं. 'एकच प्याला'चा नायक सुधाकर. नाटकाचा जीव सिंधू. तिच्यासाठी पिढ्यान्पिढ्या प्रेक्षक रडले. गडकऱ्यांनी भाषेचं सगळं वैभव या नाटकात ओतलं. आणि नाटकातून उठून रस्त्यावर कोण आला? तळीराम! ३१ डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी 'तळीरामांवर कारवाई' ही बातमी वाचणाऱ्यांपैकी कितींनी नाटक पाहिलेलं असतं? घोडबंदर रोडच्या नाकाबंदीत तोंडापुढे यंत्र धरून उभ्या असलेल्या हवालदारालाही गडकरी वाचावे लागत नाहीत. सिंधू तळीरामापेक्षा शंभर पटींनी थोर आहे, पण ती नाटकातच राहते, कारण तिचं दुःख कळायला आधी नाटक कळावं लागतं. तळीरामाला तिकीट लागत नाही. पिकार्ड हा 'स्टार ट्रेक'ची सिंधू आहे, असं मी म्हणाले तेव्हा पोरं हसली. पण मला तसंच म्हणायचं आहे. ज्याचं मोठेपण समजावून सांगावं लागतं तो आदराला पात्र होतो. लोकांच्या तोंडी मात्र दुसराच कुणी जातो.

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा जड वाटतो. तो असा की हे सगळं योगायोगाचं आहे. कर्क पहिला आला, तेव्हा चॅनेल मोजकी होती, त्याचे भाग पुन्हा पुन्हा दाखवले गेले, आणि त्या वेळच्या पोरांचे आता केस पांढरे झालेत, म्हणून कर्क मोठा. तुमचं बालपण म्हणजे कर्कची थोरवी नव्हे. यात तथ्य किती आहे? बरंच. मूळ मालिका १९६६ ते १९६९ एवढीच चालली. दुसऱ्या सीझनलाच ती बंद पडायची, पण प्रेक्षकांनी ती दाखवणाऱ्या एनबीसी या वाहिनीला पत्रांचा मारा केला आणि तिसरा सीझन पदरात पाडून घेतला. खरी लोकप्रियता आली ती सत्तरच्या दशकात, अमेरिकेतल्या गावोगावच्या स्थानिक केंद्रांवर तेच भाग रोज संध्याकाळी फिरत राहिले तेव्हा. पिकार्डच्या वाट्याला सात सीझन, १७८ भाग आणि चांगलं बजेट आलं, पण एवढा एकवटलेला प्रेक्षक आला नाही.

तरी योगायोगाने सगळं सुटत नाही. पहिला आला म्हणून कर्क, असं म्हणणाऱ्यांनी पाइककडे बघावं. मालिकेचा पहिला नमुना भाग बनला तो कप्तान पाइकचा, १९६४-६५मध्ये. (मराठीत हे नाव ऐकून कुणाला कप्तान वाटेल? पाईक म्हणजे हुकूम झेलणारा.) तो विचारी होता, जबाबदारीने थकलेला होता, नोकरी सोडावी का यावर खल करत होता. थोडक्यात, पिकार्डचा थोरला भाऊ. एनबीसीला तो भाग डोक्याला जड वाटला; दुसरा नमुना भाग मागवला आणि खुर्चीत कर्क आला. आणि पुन्हा पुन्हा दाखवल्याने दंतकथा होत असेल तर 'लॉस्ट इन स्पेस'चं काय? १९६५ ते १९६८, कर्कपेक्षा चार भाग जास्तच, आणि तीही मालिका वर्षानुवर्षं पुनःप्रक्षेपित झाली. तिच्या अंतराळयानाचा प्रमुख कोण होता, सांगा बरं? लोकांना आठवतो तो यंत्रमानव, आणि तो भित्रा, लबाड डॉक्टर. आपल्याकडे १९९८ साली दूरदर्शनवर केतन मेहतांचा 'कॅप्टन व्योम' आला. मिलिंद सोमण, म्हणजे रूप आणि शरीरयष्टी याबद्दल कुणाची तक्रार असण्याचं कारण नाही. व्योम आम्हाला आवडला, आजही नाव घेतलं की माझ्या वयाची माणसं हसतात. पण व्योमने घेतलेला एखादा निर्णय आठवतो का? मला एकही आठवत नाही. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला भांडणारं कुणी होतं का, तेही आठवत नाही.

पुनःप्रक्षेपणाने माती भिजते, एवढंच म्हणता येईल. बी कुठलं ते बघावं लागतं. १९७६ साली नासाच्या पहिल्या शटलला 'कॉन्स्टिट्यूशन' नाव द्यायचं ठरलं होतं. लोकांनी पत्रं पाठवून ते कर्कच्या जहाजावरून 'एंटरप्रायझ' करायला लावलं. मालिका बंद पडून तोवर सात वर्षं झालेली. त्या शटलच्या अनावरणाला बहुतेक मुख्य कलाकार हजर होते, पण कर्कचं काम करणारा विल्यम शॅटनर नव्हता. कप्तानाशिवाय कप्तानाच्या जहाजाचं बारसं झालं! आणि गंमत म्हणजे ते शटल चाचण्यांपुरतंच बांधलेलं, अंतराळात ते कधी गेलंच नाही.

आता त्या चुकीच्या आठवणीकडे. 'बीम मी अप, स्कॉटी', म्हणजे 'स्कॉटी, मला वर जहाजात खेचून घे', हे वाक्य जगाला ठाऊक आहे. कर्कने ते मालिकेत एकदाही नेमकं या शब्दांत उच्चारलेलं नाही. कर्कचा सोनेरी सदरा जगाला ठाऊक आहे. पहिल्या दोन सीझनमधलं ते कापड प्रत्यक्षात हिरवट होतं. स्टुडिओच्या दिव्यांखाली आणि फिल्मवर ते सोनेरी उतरलं. (आम्हाला ते राखाडी दिसलं, तो प्रश्न वेगळा.) कर्क म्हणजे बायकांच्या मागे लागणारा, नियम धाब्यावर बसवणारा, आधी ठोसा मारून मग विचार करणारा गडी, हेही सगळ्यांना ठाऊक. पण दुसऱ्याच नमुना भागात त्याचा जुना मित्र त्याची थट्टा करतो ती पाय फुटलेला पुस्तकांचा गठ्ठा म्हणून. ठोसे मारणाऱ्या या गड्याने, सरड्यासारख्या शत्रूला पाडल्यावर त्याचा जीव घ्यायला नकार दिला. खाणकामगारांना मारणारा, पण खरं तर आपली अंडी राखणारी आई असलेला प्राणी समोर आला तेव्हा बंदूक खाली घेणाराही तोच. एका भागात प्रचंड ताकदीचं जहाज समोर उभं आहे, सुटकेची वाट नाही, आणि स्पॉक म्हणतो, बुद्धिबळात हा डाव संपलेला असतो. कर्क म्हणतो, मग आपण पोकर खेळू. आणि आमच्या जहाजावर हल्ला केलात तर तो उलटून तुमच्याच अंगावर येईल अशी एक शुद्ध थाप ठोकून देतो. कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या पोरांना ही थाप समजावून सांगावी लागत नाही.

म्हणजे लोकांच्या आठवणीतला कर्क पडद्यावरच्या कर्कपेक्षा उथळ आहे. हे त्याच्या विरुद्ध जातं का? खुशाल जाऊ दे, पण दंतकथेचा पुरावा मला इथेच सापडतो. यशवंती घोरपड आठवते ना? तुळशीदासाच्या पोवाड्यात ती कड्यावर चढते, इतिहासकार ती मान्य करत नाहीत, आणि आजही सिंहगडावर पिठलं-भाकरी खाता खाता बाप मुलाला तीच गोष्ट सांगतो. घोरपड खोटी ठरवली म्हणून तानाजी एका इंचाने खाली आला का? जे लोकांच्या हातात जातं ते झिजतं, त्याला ठिगळं लागतात, त्याचे रंग बदलतात. पिकार्डची आठवण लोक अचूक काढतात. संदर्भासकट, सीझन आणि भाग क्रमांकासकट. ज्या वस्तूची इतकी काळजी घेतली जाते ती काचेच्या कपाटात असते. कर्क अंगणात पडलाय आणि येणारा-जाणारा त्याला उचलून बघतो.

मग उथळ झालेला कर्क टिकला कसा? नुसती बढाई फार दिवस चालत नाही. तिला किंमत मोजलेली दिसावी लागते. १९८२च्या चित्रपटात ती मोजली गेली. कोबायाशी मारू नावाची एक परीक्षा असते, जिच्यात कुठलाही मार्ग घ्या, जहाज बुडणारच. हरताना माणूस कसा वागतो ते बघायचं असतं. कर्कने विद्यार्थी असताना संगणकातला कार्यक्रमच गुपचूप बदलला आणि जिंकला. मुंबई-ठाण्यात या हुशारीला काय म्हणतात ते मी लिहीत नाही, पण आपण सगळे तिच्यावर खूश असतो. चित्रपट अर्ध्यावर येईपर्यंत कर्कही स्वतःवर खूश आहे. मग खरी परीक्षा येते, आणि ती स्पॉक सोडवतो, किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत शिरून. मध्ये काच. जहाज वाचलं, मित्र गेला. गड आला पण सिंह गेला हे ज्यांच्या कानावर लहानपणापासून आहे, त्यांना त्या काचेपाशी बसलेला कर्क परका कसा वाटेल? मरणाला मी आजवर नुसता गुंगारा देत आलो, असं तो आपल्या मुलापाशी कबूल करतो. पुढच्या चित्रपटात तो मुलगाही जातो, आणि एंटरप्रायझ त्याला स्वतःच्या हाताने उडवावं लागतं. १९८६ साली शिक्षा म्हणून अॅडमिरलचा पुन्हा कप्तान केला जातो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू मावत नाही. हाडाचा शिक्षक बढती मिळून शिक्षणाधिकारी झाला की वर्गासाठी कसा झुरतो, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना त्या हसण्याचा अर्थ विचारा.

उलट १९९४च्या चित्रपटात कर्क खरोखर मरतो, एका ग्रहावर कोसळणाऱ्या लोखंडी पुलाखाली, आणि त्याला दगडांखाली पुरतो कोण, तर पिकार्ड. अधिकृत मृत्यू, दुसऱ्या कप्तानाची साक्ष. तरी प्रेक्षकांनी तो मनावर घेतलाच नाही. कर्कची गोष्ट सांगताना कुणी त्या पुलापर्यंत येत नाही. लेखकाने लिहिलेला शेवट नाकारायचा हक्क लोक किती पात्रांच्या बाबतीत बजावतात?

सिस्कोबद्दल थोडक्यात, कारण त्याच्याबद्दल माझं भाच्याशी एकमत आहे. १९९८च्या ज्या भागात तो खोट्या पुराव्याच्या आधारे एका तटस्थ साम्राज्याला युद्धात ओढतो आणि मग एकटा बसून, हे पाप मला पचेल असं स्वतःलाच पटवत राहतो, तो भाग मला कर्कच्या कुठल्याही भागापेक्षा मोठा वाटतो. पण त्याचं वजन कळायला आधीची पाच वर्षं पाहिलेली असावी लागतात. जिन्यात तो कसा खेळणार?

जेनवेची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे माझा निकष न्यायी नाही हे मला मान्य करावं लागतं. घरापासून ७० हजार प्रकाशवर्षं दूर फेकलं गेलेलं जहाज, परतायला ७५ वर्षं, वरिष्ठ कुणी नाही, मदत नाही. यापेक्षा कठीण कप्तानी कुणाच्या वाट्याला आली? तरी चर्चा कायम एकच, ती निर्णय फार बदलते. कर्कने बदलला की हजरजबाबी, जेनवेने बदलला की अस्थिर. राजाराम महाराजांनंतर १७०० ते १७०७ ताराराणीने औरंगजेबाला या मुलखात दमवलं. दिवाळीच्या किल्ल्यावर तिची मूर्ती मी आजवर पाहिलेली नाही. लोकांच्या हातात जे जातं ते लोकांच्या खोडींसकट जातं. आमच्या जिन्यात मला नेहमी उहुरा, म्हणजे जहाजावरची संदेश-अधिकारी बाई, व्हायला सांगायचे. म्हणजे कानाला हात लावून सर्वांत वरच्या पायरीवर बसायचं. मी भांडून डॉक्टर झाले, पण कर्क व्हायचा मान टीव्हीवाल्यांच्या मुलाचाच. एका रविवारी त्याला गालगुंड झाले आणि मी तिसऱ्या पायरीवर बसले. पुढे वाकले, गुडघ्यावर कोपर टेकलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मुलगी आहे म्हणून हात करायला अडलं असं कुणालाच वाटलं नाही. जहाज डावीकडे कललं तसे सगळे कलले. २०१५ साली सामंथा क्रिस्तोफोरेत्ती या इटालियन अंतराळवीर बाईने अंतराळ स्थानकात जेनवेच्या जहाजाचा गणवेश घालून फोटो काढला, तो पाहिला तेव्हा मला ती पायरी आठवली. जेनवेचा जिना जरा जास्त उंचावर होता, इतकंच.

आणि पिकार्डही पूर्ण कपाटात राहिलेला नाही, हे भाच्याने शेवटी माझ्याच निकषाने दाखवून दिलं. कपाळावर हात मारून बसलेल्या पिकार्डचं ते चित्र! ज्यांनी मालिकेचं नावही ऐकलेलं नाही ते लोक रोज एकमेकांना ते पाठवतात. आवाज नाही, संदर्भ नाही. डेटाची वकिली करणारा, बासरी छातीशी धरणारा पिकार्ड मागे राहिला आणि वैतागलेला बाहेर पडला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणखी तीस वर्षांनी तक्ता पुन्हा मांडावा लागेल, एवढंच मी म्हणाले.

"ते राहू दे," भाचा म्हणाला. "उद्या खरंच जायचं झालं, तर तू कुणाच्या जहाजात बसशील?"

"पिकार्डच्या."

"मग!"

"अरे, मला परत यायचंय ना."